ड न म्हणणारी मुलगी

माझी मुलगी अडीच वर्षांची झाली तरी बोलत नव्हती, आणि ती का बोलत नाही हे आमच्या बिल्डिंगमध्ये माझ्याखेरीज प्रत्येकाला माहीत होतं. खालच्या किराणावाल्याच्या मते दोष गच्चीवरच्या मोबाइल टॉवरचा होता. वरच्या मजल्यावरचे काका म्हणत, टीव्ही बंद करा. सासूबाई फोनवर म्हणाल्या, "आमच्याकडे सगळेच उशिरा बोलले. याचंच बघ, चार वर्षांचा होईपर्यंत तोंड उघडलं नाही." हा, म्हणजे माझा नवरा, अजूनही फारसं उघडत नसे. त्यामुळे त्या दाखल्याने मला काही धीर आला नाही.

गिरगावातली भाड्याची खोली सोडून आम्ही दोन हजार साली भाईंदर पश्चिमेला फ्लॅट घेतला. मुलगी इथेच झाली. बिल्डिंगमध्ये गुजराती होते, मारवाडी होते, उत्तरेकडचे होते, एक केरळी कुटुंब होतं आणि मराठी आम्ही दोन घरं. जिन्यात सगळे हिंदी बोलत. आमच्या समोरच्या दारात एक गुजराती बाई राहायच्या, त्यांना मी बेन म्हणायचे. मी दार उघडलं की त्या माझ्या मुलीला उचलून घ्यायच्या आणि सुरू व्हायच्या, "आ शुं छे? पंखो छे. पंखो फरे छे ने? हा, फरे छे." प्रश्न त्यांचा, उत्तरही त्यांचंच. मुलगी पंख्याकडे बघायची, बेनच्या तोंडाकडे बघायची आणि गप्प राहायची. मग बेन माझ्याकडे वळून हिंदीत म्हणायच्या, "तुम लोग घर में बोलते नहीं हो. बच्चा किससे सीखेगा?"

आम्ही बोलत होतो. निदान मी बोलत होते. भिंतीवर चित्रांचे तक्ते लावले होते, फळं, प्राणी, वाहनं. ऑफिसातून आले की पर्स ठेवायची, हात धुवायचे आणि तक्त्यासमोर बसायचं. हे काय? आंबा. म्हण, आंबा. हे काय? ससा. म्हण ना गं, ससा. ती तक्त्याचा कोपरा सोलत बसायची.

मी अंधेरीच्या एका कंपनीत नोकरी करत होते. दिवसभर मुलगी मोरव्याला असायची. मोरवा हे जुनं गाव, आमच्यापासून रिक्षाने जवळ. तिथल्या एका घरात, आमच्या प्लंबरच्या ओळखीने, तिला सांभाळायला ठेवलं होतं. त्या घरातल्या थोरल्या बाईंना मी मावशी म्हणायचे. त्यांची पूर्वी भातशेती आणि मिठागर होतं. आता थोरल्या मुलाचा रेती-विटांचा धंदा होता, धाकट्याच्या रिक्षा होत्या, आणि जुन्या कौलारू घराच्या जागी दोन मजली पक्कं घर उभं होतं. माझ्या मुलीला सांभाळायची त्यांना काही गरज नव्हती. घरात नातवंडांचा गोतावळा होताच, त्यात आणखी एक, असा सगळा हिशेब.

संध्याकाळी मी तिला आणायला गेले की रोज विचारायचे, "मावशी, आज काही बोलली का?"

"काय बोलल? ख्येलली," मावशी म्हणायच्या.

"तुम्ही तिच्याशी बोलता ना पण दिवसभर?"

मावशींनी सुकट निवडता निवडता माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी काहीतरी अगदीच खुळं विचारलं होतं. "एवढ्याशा पोरीशी काय बोलाचा? तिला काय कलतंय?"

मी रिक्षात बसल्यावर माझा संताप झाला. आठ-नऊ तास माझी मुलगी अशा घरात होती जिथे मुलांशी कोणी बोलतच नव्हतं. मी नीट पाहिलं तेव्हा ते खरंच होतं. त्या घरात कोणी मुलांसमोर वाकून, आवाज बारीक करून, बेनसारखं "हे काय, ते काय" करत नसे. मोठी माणसं आपापसात बोलत, भांडत, हसत. मुलं त्यांच्या पायांत लोळत असत. तान्ह्या बाळाशीसुद्धा थेट बोलणं नाही. मावशी बाळाला मांडीवर घेऊन त्याच्या वतीने सुनेला बोलायच्या, "सांग तुझे आयला, मना भूक लागलेय, मोबाइल ठेव." सून हसायची आणि मोबाइल ठेवायची. बाळ सगळ्यांकडे टकामका बघत राहायचं.

एका संध्याकाळी मुलीच्या फ्रॉकवर पेरूच्या बिया दिसल्या. मी विचारलं तर मावशींची सून उत्साहाने म्हणाली, "पोपटान खाल्लेला पेरू दिला तिला. आता बोलल पटापट." कोणत्या झाडाखालून उचलला होता, धुतला होता का, काही पत्ता नाही. मी रस्ताभर मुलीचं तोंड रुमालाने पुसत राहिले आणि घरी आल्यावर नवऱ्यावर ओरडले, जणू पेरू त्यानेच खाल्ला होता.

शेवटी आम्ही डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी कानांची तपासणी करायला सांगितली. कान उत्तम निघाले. मग मीरा रोडच्या एका स्पीच थेरपिस्टचं नाव सुचवलं. त्या मॅडम तरुण, टापटीप, हिंदी-इंग्रजी बोलणाऱ्या. त्यांनी मुलीला ठोकळे दिले, बाहुली दिली आणि आम्हाला विचारलं, "घर में कौन सी लैंग्वेज?"

"मराठी," मी म्हणाले.

"और जहां रहती है दिन में?"

"तिथेही मराठी. म्हणजे, गावातली."

"बिल्डिंग में?"

"हिंदी. समोर गुजराती."

मॅडमनी पेन खाली ठेवलं. "देखिए, बच्ची कन्फ्यूज हो गई है. एक ही भाषा रखिए. स्कूल इंग्लिश मीडियम ना? तो घर में सिर्फ इंग्लिश."

त्या संध्याकाळपासून आमच्या घरात इंग्रजी सुरू झालं. माझं इंग्रजी ऑफिसचं. कोटेशन मागवायला, माल वेळेत आला नाही म्हणून खडसावायला ते मला पुरत असे. पण भात कालवताना, केस विंचरताना, ती पोटावर रेलून झोपली असताना बोलायचं इंग्रजी माझ्याकडे नव्हतंच. कम हिअर. सिट डाऊन. ओपन युअर माउथ. नो, डोन्ट टच. आमच्या घरात नुसते हुकूम उरले. "अगं माझी ठमाकाकू" असं मी तिला म्हणायचे, त्याला इंग्रजी शब्द मिळेना. नवऱ्याने तर आधीच मोजकं असलेलं बोलणं पूर्ण मिटवून टाकलं. तिच्यासमोर चहा हवा असला तरी तो कप वर करून दाखवायचा. सासूबाई चार दिवस राहायला आल्या, तर त्यांनाही मी सांगितलं की हिच्याशी मराठी बोलू नका. त्या मुकाट बसून नातीच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या आणि ठरल्या दिवसाच्या आधीच परत गेल्या. जाताना दारात म्हणाल्या, "मला काही बोलता येत नाही, मग मी थांबून काय करू?" मला त्यांचा राग आला, मॅडमचा आला, सगळ्यांचा आला.

हे किती दिवस चाललं असतं कुणास ठाऊक. एका रविवारी मी स्वयंपाकघरात होते. बाहेर आले तर मुलगी खिडकीच्या ग्रिलवर चढून वरचा आडवा गज धरून उभी होती. ग्रिलचा खालचा पत्रा गंजून सुटला होता, आणि तिचा पाय नेमका त्यावर. माझ्या तोंडून इंग्रजीचा एक शब्द फुटेना. "अगं बाई, हलू नकोस! हलू नकोस हां सोन्या, आले मी, आले!" मी धावले, तिला कवेत घेतलं आणि खाली बसले. मग मी तिला रागावले, तिचे मुके घेतले, तिला खुळी म्हटलं, भवानी म्हटलं, पुन्हा रागावले, आणि हे सगळं मराठीत. मुलगी माझ्या तोंडाकडे डोळे मोठे करून बघत होती. किती दिवसांनी आई सापडली होती तिला.

नवरा दारात उभा होता. मी म्हणाले, "बस झालं. आजपासून मी मराठीच बोलणार."

"आणि मॅडमना काय सांगायचं?"

"काही सांगू नकोस."

त्यानंतर महिन्याभरात ती शब्द बोलू लागली. मराठीमुळे बोलू लागली असं मी म्हणत नाही, कदाचित तिची वेळच झाली असेल. बेनच्या मते ते त्यांच्या पंख्याचं फळ होतं, मावशींच्या सुनेच्या मते पोपटाचं. मला श्रेय कोणालाही द्यायची तयारी होती. तक्त्यासमोर बसून मी बोट ठेवायचे आणि ती म्हणायची, "आंबा." "ससा." मी टाळ्या वाजवायचे. मग वाहनं आली.

"हे काय?"

"गारी."

"गाडी."

"गारी."

घोड्याला घोरा. केळ्याला केला. सगळ्या मुलांचे सुरुवातीला बोबडे बोल असतातच, हे मला ठाऊक होतं. पण मॅडमनी ते लगेच हेरलं. आमच्या घरातल्या मराठीवर त्यांनी नाक मुरडलंच, पण आता त्यांच्या हाती नवी तक्रार आली होती. "ड नहीं आ रहा. ळ भी नहीं. अभी से पकड़ना पड़ेगा." त्यांनी व्यायाम दिले. आरशासमोर बसायचं, जिभेचं टोक वर टाळूला लावायचं, मागे ओढायचं. ड, ड, ड. गाडी, वाडी, पापड, खडू.

रोज संध्याकाळी ऑफिसातून आल्यावर आरसा. मी जीभ वळवून दाखवायचे. तिला गंमत वाटायची, पहिल्या दिवशी. दुसऱ्या दिवसापासून ती आरशावर थुंकायची. मी म्हणायचे, "पापड." ती म्हणायची, "पापर." मी म्हणायचे, "ड. पापड." ती माझ्याकडे अशी बघायची जणू मलाच कमी ऐकू येतंय. आणि जरा मोठ्याने, मला नीट कळावं म्हणून, पुन्हा म्हणायची, "पापर!" मग रडारड. मग माझं ओरडणं. मग ती परत गप्प व्हायला लागली, आणि मला धडकी भरली की जे थोडंफार आलं होतं तेही जाणार.

एका शनिवारी ऑफिस लवकर सुटलं. मी दुपारीच मोरव्याला पोचले. कुंपणाशी आले तेव्हा ओट्यावर बायका बसल्या होत्या आणि पोरं अंगणात धुडगूस घालत होती. धाकटा अंगणात रिक्षा मागे घेत होता. मावशी नातवावर ओरडल्या, "आरं गारीखाली जाशील! इकरं ये!"

मी फाटकाची कडी धरून तशीच उभी राहिले. कुणी मला पाहिलं नव्हतं.

मावशींची सून म्हणाली, "त्याला एक पापर द्या, म्हंजे बसल."

आणि मग माझी मुलगी, जी माझ्यासमोर दोन शब्द जोडत नव्हती, ती कमरेवर हात ठेवून त्या नातवाला म्हणाली, "आरं इकरं ये ना! आजी मारल तुला. मंग मी न्हाय ख्येलाची तुजेसंगं."

मी ते वाक्य अनेकदा मनात वाजवून पाहिलं आहे. त्यात काही चुकलं नव्हतं. त्या घरात जसं बोलतात तंतोतंत तसं ते होतं, हेल काढणंसुद्धा. तिची जीभ ठणठणीत होती. गाडीला गारी तिथे सगळेच म्हणत होते, सत्तरीच्या मावशींपासून रिक्षा चालवणाऱ्या मुलापर्यंत, आणि आम्ही मात्र त्या पोरीला आरशासमोर बसवून रडवत होतो.

आनंद व्हायला हवा होता. झालाही असेल. पण आधी आला तो राग. मी फाटक ढकलून आत गेले आणि विचारलं, "मावशी, ही एवढं बोलते? कधीपासून?"

"कवापासना बोलते."

"मी रोज विचारत होते तुम्हाला!"

"तुमी इचारायच्या, काय बोलली का," मावशी शांतपणे म्हणाल्या. "आता काय सांगू? पोरा बोलतात तसा बोलली."

मुलगी मला पाहून धावत आली, पायांना बिलगली आणि गप्प झाली. एकदम, नळ बंद करावा तशी. मी तिला रिक्षात बसवलं आणि रस्ताभर सांगत राहिले, मघाचं बोल ना, आजी मारल म्हणालीस ते बोल ना. ती मिठागरांवरच्या पक्ष्यांकडे बघत बसली.

पुढच्या भेटीत मी मॅडमना सगळं सांगितलं. मला वाटलं होतं त्यांनाही नवल वाटेल. त्यांनी ऐकून घेतलं आणि मान हलवली. "लेकिन वो तो गलत मराठी हुई ना? स्कूल में कैसे चलेगा? आप जगह चेंज कीजिए."

घरी येऊन नवरा म्हणाला, "त्या बरोबर सांगतायत. पाळणाघर बदलू." एरवी न बोलणारा माणूस, नेमका तेव्हा बोलला. आमचं कडाक्याचं भांडण झालं. मी म्हणाले, तिथे ती बोलते, इथे बोलत नाही, मग बदलायचं काय असेल तर हे घर बदल. तो म्हणाला, तुला मावशींचं काही पटत नव्हतं, आता काय झालं? ते खरं होतं. मावशींचं मला अजूनही बरंचसं पटत नव्हतं. पेरूचं तर कधीच पटलं नाही. पण जिथे तिला बोलावंसं वाटतंय तिथून तिला उचलायचं, हे मला जमणार नव्हतं. मी जागा बदलली नाही. मॅडमकडे जाणं तेवढं बंद केलं.

त्यानंतर शाळेच्या मुलाखती. तीन-सव्वातीन वर्षांच्या मुलांच्या मुलाखती! एका इंग्रजी शाळेत आम्ही तिला नवा फ्रॉक घालून नेलं. बाईंनी चित्रांची पुस्तिका उघडली. "व्हॉट इज धिस, बेबी?" सफरचंद. मुलगी गप्प. "अँड धिस?" मांजर. गप्प. मी मनातल्या मनात तिला ढकलत होते. मग घोडा आला. मोरव्याला लग्नाच्या वरातीत तिने नुकताच घोडा पाहिला होता. तिचा चेहरा उजळला. "घोरा!"

"गोरा?" बाई माझ्याकडे बघून म्हणाल्या. "व्हॉट इज गोरा?"

"घोडा म्हणतेय ती," मी म्हणाले. "आमच्याकडे, म्हणजे इथल्या गावांत, घोड्याला घोरा म्हणतात. ती बरोबर बोलली."

"मॅडम, प्लीज. इंग्लिश."

मी इंग्रजीत समजावू लागले. ऑफिसचं ते धारदार इंग्रजी, माल वेळेत न पोचल्यावर वापरायचं. बाईंनी पुस्तिका मिटली आणि हसून सांगितलं की मुलीला स्पीचची अडचण दिसते, पुढच्या वर्षी प्रयत्न करा. मुलगी मात्र बाहेर येताच फाटकावरच्या वॉचमनला म्हणाली, "अंकल, टाटा."

पुढे एका लहान शाळेत प्रवेश मिळाला, जिथे कुणी काही विचारलं नाही. शाळा सुटल्यावर ती मोरव्यालाच जायची. चार वर्षांची होईतो तिचा ड माझ्यासमोर आपोआप यायला लागला, आणि मोरव्याच्या फाटकात शिरली की तितक्याच आपोआप जायचा. बेनशी ती गुजराती बोलायची, "मने नथी जोइतुं", मला नकोय, असं ठसक्यात सांगायची. खालच्या पोरांशी हिंदी. कुणी शिकवलं नाही, कुठलाही तक्ता नाही. कोणाशी काय बोलायचं हे तिला आमच्या सगळ्यांपेक्षा स्पष्ट होतं. कन्फ्यूज आम्ही होतो.

पण मला जे हवं होतं ते मिळालंच असं नाही. मला तिच्याशी मराठीत गप्पा मारायच्या होत्या. ती पाच वर्षांची झाली तशी बिल्डिंगमधली हिंदी घरात घुसली. मी मराठीत विचारायचे, ती हिंदीत उत्तर द्यायची. "आज डब्यात काय खाल्लंस?" "पराठा था ना, मम्मी." मी आई होते, आईची मम्मी कधी झाले ते कळलंच नाही. मी चिडायचे, ती दोन वाक्यं मराठीत बोलायची, तिसऱ्याला पुन्हा तेच. मावशींशी बोलताना मात्र एक हिंदी शब्द नाही. याचा मला हेवा वाटायचा, हे मी नवऱ्यालाही सांगितलं नाही.

त्याच सुमारास आमच्या मजल्यावर एक नवं मराठी जोडपं राहायला आलं, दादरहून. त्यांचा मुलगा तीन वर्षांचा, बोलत नव्हता. एके दिवशी ती बाई दारात आली, चेहरा ओढलेला. "ताई, तुमच्या मुलीलाही असं होतं म्हणे. आम्हाला डॉक्टर म्हणाले, घरात फक्त इंग्लिश बोला."

मी तिला आत बसवलं, चहा केला आणि सगळं सांगितलं. कान तपासून घ्या, ते आधी. पण घरातलं बोलणं बंद करू नका. इंग्रजीने आमच्या घराची काय दशा झाली, ग्रिलवरचा तो दिवस, आरसा, मोरव्याच्या ओट्यावर मी काय ऐकलं, शाळेतल्या बाई काय म्हणाल्या. अर्धा-पाऊण तास मी बोलत होते. ती मन लावून ऐकत होती, मधूनच मान हलवत होती. तिचा मुलगा तिच्या मांडीवर बिस्किट ओलं करत बसला होता. आतल्या खोलीत माझी मुलगी शेजारच्या पोराशी हिंदीत वाद घालत होती, आणि तिचा आवाज आमच्या आवाजावर चढत होता.

माझं बोलणं संपलं तेव्हा त्या बाईने तिकडे कान दिला. मग म्हणाली, "पण आता किती छान बोलतेय तुमची मुलगी. मला त्या थेरपिस्ट मॅडमचा नंबर द्याल का?"

मी उठले, फोनशेजारची डायरी काढली आणि नंबर दिला. दुसरं काय करणार? ती आभार मानून, मुलाला कडेवर घेऊन गेली. जिन्यात ती त्याला म्हणत होती, "कम, बेटा. से बाय टू आंटी." मुलगा काहीच म्हणाला नाही. मी दार लावलं आणि आतल्या खोलीकडे बघून ओरडले, "जरा हळू बोला गं!"